चाळीस सेकंद

सकाळची सभा संपवून मी स्टुडिओबाहेर आले, तेव्हा गिरजाबाई व्हरांड्यातल्या खांबाला टेकून बसली होती. मंगळवार म्हणजे कारंजखेडचा बाजार, आणि बाजाराचा दिवस म्हणजे गिरजाबाई, हे आमच्या रेडिओ केंद्रावर शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना पाठ झालं होतं. मला पाहताच ती उठली आणि दर मंगळवारी बोलायची तेच बोलली.

"बाई, येवढं एक सांगा ना रेडूत. माह्या देवमनले रिकामं भांडं पायवत नाही. गुंड असो, बालटी असो, कोनाच्याही घरचं असो, तो भरून ठेवते. येवढं सांगतलं का लोकं वयखतीन त्याले."

देवमन तिचा मुलगा. तीस वर्षांचा, पण समज सहा-सात वर्षांच्या पोराइतकी. फेब्रुवारीत बैलबाजारात तिचा हात सुटला तो सुटलाच. पोलिसांकडून रीतसर कागद आला होता आणि मी तो रीतसर तीन दिवस वाचलाही होता. वय, उंची, वर्ण, बांधा, अंगावरचे कपडे. तीन दिवसांपलीकडे वाचायचा नियम नव्हता आणि रिकाम्या भांड्यांसाठी फॉर्मात जागा नव्हती. हे मी तिला आधी दहा मंगळवार सांगितलं होतं, अकराव्यांदा सांगताना माझा आवाज चढला. माझं डोकं ठणकत होतं, मे महिना होता आणि मला घरी जायचं होतं.

ही गोष्ट एकोणीसशे चौसष्टची. आमचं रेडिओ केंद्र तेव्हा जेमतेम सहा महिन्यांचं होतं. एका कापूस व्यापाऱ्याच्या बंगल्यात ते थाटलं होतं. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून स्टुडिओच्या भिंतींना गाद्या ठोकल्या होत्या, तरी शेजारच्या जिनिंग कारखान्याचा भोंगा वाजला की तो थेट तीन जिल्ह्यांत ऐकू जायचा. पत्र्यावर कावळे बसू नयेत म्हणून किसन शिपाई काठी घेऊन अंगणात उभा असायचा. प्रसारण तीन तुकड्यांत चाले, सकाळ, दुपार आणि संध्याकाळ, त्या प्रत्येक तुकड्याला सभा म्हणत. मधल्या वेळात रेडिओ मुका. व्हरांड्यात लाउडस्पीकरचा एक डबा टांगला होता. बाजाराला आलेली माणसं त्याखाली बसून ऐकायची आणि आत बोलणारी बाई बाहेर कधी येते याची वाट पाहायची. ती बाई मी. सव्वीस वर्षांची होते, आणि आपल्या आवाजाचा मला चांगलाच माज होता.

गिरजाबाईला झिडकारून मी पायरी उतरले तोच आमच्या शेजारच्या उमाकाकू फाटकातून धापा टाकत येताना दिसल्या. त्यांच्या पायात चप्पल नव्हती. त्यांनी काही सांगायच्या आधीच मला कळलं.

माझे बाबा छोट्या गाडीच्या लाइनवर स्टेशनमास्तर होते. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती, आणि दीड वर्षापासून त्यांचं विसरणं सुरू झालं होतं. आधी चष्मा, मग जेवण, मग आई वारल्याचं. मी सकाळच्या सभेला जाताना दाराला बाहेरून कडी घालायचे, हे सांगायला मला आजही लाज वाटते. त्या दिवशी मात्र घातली नव्हती. पहाटे बाबा अगदी शुद्धीत होते. मला म्हणाले, "नलू, कोंडून जाऊ नकोस. मी काय जनावर आहे?" मग मी कडी न घालता काकूंना लक्ष ठेवायला सांगून निघाले. काकू दूध तापवायला आत गेल्या तेवढ्यात बाबा बाहेर पडले. ही आठची गोष्ट, आणि आता साडेनऊ वाजून गेले होते.

आमच्या भागात मे महिन्यात अकरानंतर रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. अडुसष्ट वर्षांचा माणूस डोक्यावर टोपी न घालता चालत सुटला तर दुपारपर्यंत टिकेल, फार तर संध्याकाळपर्यंत. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती, दरवर्षी ऊन लागून गेलेल्यांच्या बातम्या मीच वाचायचे.

मी आधी रेल्वे स्टेशन गाठलं, कारण ते नेहमी तिथेच जायचे. आज नव्हते. मग मोटारस्टँड, मारुतीचं देऊळ, जुन्या क्वार्टर्स, दवाखाना. बाराच्या सुमाराला पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या जमादारांनी माझा आवाज ओळखला आणि कागद लगेच करायला घेतला. फॉर्म त्यांच्याकडे नव्हता, पण मला तो तोंडपाठ होता. त्यांच्या टेबलापाशी बसून कोऱ्या कागदावर मीच लिहून काढला. माझं अक्षरसुद्धा हललं नाही, इतकी सवय झाली होती.

दुपारच्या सभेला घारपुरे साहेबांनी मला बसू नका म्हणून सांगितलं. ते आमच्या केंद्राचे प्रमुख. पुण्याकडचे, शिस्तीचे, मनाने वाईट नाहीत. मी ऐकलं नाही. दोनला पाच मिनिटं कमी असताना मी वाचलं.

"हरवले आहेत. नाव त्र्यंबक गोपाळ वाढोणकर. वय अडुसष्ट वर्षे. उंची पाच फूट पाच इंच. वर्ण सावळा, बांधा सडपातळ, केस पिकलेले. अंगात पांढरा सदरा व धोतर. मराठी आणि हिंदी बोलतात. माहिती मिळाल्यास जवळच्या पोलीस ठाण्यात कळवावे."

एकही शब्द अडखळला नाही. वाचून झाल्यावर मला स्वतःचाच राग आला. देवमनचं ज्या आवाजात वाचलं होतं त्याच आवाजात मी बाबांचं वाचलं.

तीन वाजता ठाण्यातून फोन आला, की म्हातारबाबा सापडले. मी किसनची सायकल घेऊन भर उन्हात निघाले. साडीचा काठ दोनदा साखळीत अडकला. ठाण्याच्या पडवीत चार म्हातारे ओळीने बसवले होते. चौघंही सावळे, चौघंही सडपातळ, चौघांचेही केस पिकलेले आणि अंगात पांढरा सदरा नि धोतर. एक जण आंब्यांची करंडी घेऊन लेकीकडे निघाला होता, त्याला एस.टी.तून उतरवून आणलं होतं. तो जमादारांना म्हणत होता, "साहेब, मी हरपलो नाही हो. मले ठावं हाये मी कोन हाये." दुसऱ्या कुठल्या दिवशी मी पोट धरून हसले असते. त्या दिवशी मी भिंतीला धरून उभी राहिले. त्या चौघांत बाबा नव्हते, आणि तो कागद मीच लिहिला होता.

परत आले तेव्हा साडेचार झाले असावेत. व्हरांड्याची पायरी चढता चढता डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी तिथेच बसले. गिरजाबाई अजून खांबापाशी होती. बाजार उठत आला होता, तिची भाजीची टोपली तशीच भरलेली होती, ती बाजारात गेलीच नव्हती. तिनं आपल्या लोट्यातलं पाणी मला पाजलं. मग टोपलीतून एक कांदा काढून माझ्या मुठीत दिला. ऊन बाधू नये म्हणून आमच्याकडे तो जवळ ठेवतात. सकाळी मी तिच्यावर खेकसले होते ते तिच्या लक्षात आहे असं काही दिसलं नाही.

"बाबूजीची खूण काय व बाई?" तिनं विचारलं.

"सांगितली ना दुपारी."

"थे म्या आयकली. थे तं आमच्या गावातल्या समद्या म्हाताऱ्यायची खूण झाली. त्यायची सोताची सांगा."

मी तिला सांगितलं. कोणतीही गाडी निघाली, मग ती एस.टी. असो, ट्रक असो की बैलगाडी, बाबा ताठ उभे राहायचे, खिशातून हिरवा रुमाल काढायचे आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत दाखवत राहायचे. निवृत्तीच्या दिवशी झेंडी सरकारजमा करावी लागली, म्हणून आईनं त्यांना त्याच रंगाचा रुमाल शिवून दिला होता. बाकी सगळं विसरले तरी तो रुमाल ते विसरले नाहीत. आंघोळीला जातानाही बरोबर न्यायचे.

"मंग थेच सांगा ना," गिरजाबाई म्हणाली. "लोकायले थेच दिसन."

"फॉर्मात तशी जागा नाही," मी म्हणाले.

म्हणाले, आणि मला रडू फुटलं. मुठीत कांदा धरून मी तिच्यासमोर हमसून हमसून रडले. ती जवळ सरकली. माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

मी तशीच उठून घारपुरे साहेबांच्या खोलीत गेले. संध्याकाळी सहा वाजून तीन मिनिटांनी निवेदन पुन्हा वाचायची परवानगी त्यांनी आधीच काढून ठेवली होती. मी म्हटलं, एक वाक्य वाढवते. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चीनच्या लढाईला दीड वर्ष झालं होतं, तरी वरून आलेला हुकूम कायम होता. मंजूर कागदाबाहेरचा एकही शब्द माइकवरून जाता कामा नये. कोण कुणाला काय निरोप देईल याचा नेम नाही, अशी भीती. साहेब म्हणाले, हिरवा रुमाल दाखवणारा माणूस हा तर अगदी निरोपच वाटेल. मी वेड्यासारखी हसले. ते हसले नाहीत. म्हणाले, पोलिसांकडून दुरुस्त केलेला कागद आणा, मी लगेच सही करतो. सहा वाजायला वीस मिनिटं होती आणि जमादार चौकशीला बाहेर पडले होते.

"दुसऱ्या कुणाला वाचू देऊ का?" त्यांनी विचारलं.

"नको. मीच वाचते. कागदावर आहे तेवढंच वाचते."

मी खोटं बोलले, आणि मला वाटतं त्यांनाही ते कळलं होतं.

सहा वाजून तीन मिनिटांनी शेतकऱ्यांचा कार्यक्रम संपायचा आणि सहा-पाचला दिल्लीच्या बातम्या जोडायच्या. मधली दोन मिनिटं माझी. तांबडा दिवा लागला. काचेपलीकडे भोयर इंजिनिअर बसले होते. त्यांचा हात आवाजाच्या बटणावर होता. मनात आणलं असतं तर मला ते क्षणात बंद करू शकले असते. मी फॉर्म वाचला. "पोलीस ठाण्यात कळवावे" इथपर्यंत आले आणि कागद पालथा घातला.

"हे माझे वडील आहेत," मी म्हणाले. "ते स्टेशनमास्तर होते. रस्त्यानं कोणतीही गाडी निघाली की ते उभे राहतात आणि तिला हिरवा रुमाल दाखवतात. असा माणूस कुणाला दिसला तर त्याला सावलीत बसवा, पाणी द्या." भोयर माझ्याकडे एकटक पाहत होते. त्यांनी बटणावरचा हात उचलला आणि मांडीवर ठेवला. "बाबा, तुम्ही ऐकत असाल तर आहात तिथेच थांबा. लाइन क्लिअर नाही. मी सांगेपर्यंत निघायचं नाही."

एवढं बोलून मी थांबले. समोरच्या घड्याळात सहा-चार होऊन वीस सेकंद झाले होते. बातम्यांना चाळीस सेकंद होते. अशा वेळी हवा रिकामी सोडायची नाही, काहीतरी वाजत राहिलं पाहिजे, हे आमच्या अंगात मुरलेलं. मधल्या वेळासाठी सनईची एक तबकडी कायम तयार असायची. मी सुई टेकवली, माइक बंद केला आणि टेबलावर डोकं ठेवलं.

सव्वासहाला फोन आला. धानोरी फाट्यावरून, चौदा मैलांवरून. तिथल्या हॉटेलवाल्याचं नाव बळीराम ठोसर, एवढं मला अजून आठवतं. आठ वाजायच्या आत एका ट्रकवाल्यानं बाबांना केंद्राच्या फाटकाशी आणून उतरवलं, आणि बरोबर तो हॉटेलवालाही आला. बाबांच्या एका पायात वहाण नव्हती, तळव्यांना फोड आले होते आणि ओठ फुटले होते. पण ते जिवंत होते. हातात रुमाल होता. मला पाहून म्हणाले, "तुमची गाडी फार लेट आहे हो."

हॉटेलवाल्यानं सांगितलं, की दुपारी एकपासून ते फाट्यावरच्या कडुनिंबाखाली उभे होते. येणारजाणारे ड्रायव्हर गंमत म्हणून भोंगा वाजवून जायचे. त्यानं त्यांना दोनदा पाणी आणि एकदा चहा दिला होता.

"म्हणजे तुम्ही दुपारी रेडिओ लावला नव्हता का?" मी विचारलं.

"लावला होता नं बाई. तुमचं सांगनं आयकलंही. हे माह्यापुढंच बसून आयकत होते." तो ओशाळून बाबांकडे पाहत म्हणाला. "पन त्यात ह्यायचं सोताचं असं काईच नोतं."

त्या गडबडीत गिरजाबाई केव्हा गेली ते मला कळलं नाही. खरं सांगायचं तर ती होती हेही माझ्या लक्षात राहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी घारपुरे साहेबांनी मला बोलावलं. मी माफीचं पत्र लिहून नेलं होतं. त्यांनी ते न वाचता खणात ठेवलं. "तुम्ही केलंत ते कुणीही केलं असतं," ते म्हणाले. "म्हणूनच तो नियम आहे." माझा करार दर तीन महिन्यांनी नवा व्हायचा, तो या वेळी होणार नव्हता. मी भांडले नाही. बाबा घरी खाटेवर झोपले होते, त्यांच्या पायांना काकू लोणी लावत होत्या. नोकरीचं मला खरंच काही वाटलं नाही.

पुढच्या मंगळवारी माझी पुस्तकं आणि एक छत्री आणायला मी केंद्रावर गेले. फाटकातून शिरताना खांबाशी ती बसलेली दिसली.

मधल्या सात दिवसांत तिची मला एकदाही आठवण झाली नव्हती.

मी तिच्याजवळ न जाता आधी आत गेले. एका कागदावर देवमनचं सगळं लिहिलं, रिकामं भांडं पाहवत नाही, कोणाचंही असो भरून ठेवतो, तेही लिहिलं, आणि साहेबांपुढे ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग वरून आलेलं नवं पत्रक माझ्यापुढे सरकवलं. माझ्या त्या दिवसाच्या करामतीनंतर ते आलं होतं. हरवलेल्यांचं निवेदन यापुढे तीनऐवजी एकच दिवस, आणि आधी टेपवर घेऊन, तपासून. बोलता बोलता कुणाला कागद पालथा घालता येऊ नये अशी तजवीज होती. माझ्यामागे जे कोणी माइकवर बसणार त्यांचेही हात मी बांधून ठेवले होते.

"निदान गेल्या मंगळवारी..." साहेब बोलायला लागले आणि थांबले. त्यांनी वाक्य पुरं केलं नाही ही त्यांची माया. मला ते पुरं ऐकू आलं.

मी बाहेर आले. गिरजाबाई उठून उभी राहिली. तिनं आधी बाबांची चौकशी केली, पायाचे फोड वाळले का, जेवतात का. मग माझ्या हातातल्या छत्रीकडे आणि पुस्तकांकडे पाहिलं.

"तुमी आता रेडूत बोलत नाही का?"

"नाही."

"मंग माह्यं कोन सांगन?"

 याला आज पन्नास वर्षं होऊन गेली. पुढे मी शाळेत शिकवलं, बाबा आणखी दोन वर्षं राहिले आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून गेले. देवमन सापडल्याचं मी कधी ऐकलं नाही. कुठेही गेले आणि कुणाच्या दारात भरलेली बादली दिसली, की ती कुणी भरली हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही. लोक मला विक्षिप्त समजतात.

त्या दिवशी मात्र मी तिला खरं ते सांगितलं. तेवढंच हातात होतं.

"गिरजाबाई, त्या संध्याकाळी माझ्याकडे वेळ शिल्लक होता. तुमचं एक वाक्य सहज सांगून झालं असतं. मला सुचलंच नाही."

ती रागावेल, रडेल, मला शिव्या देईल असं मला वाटलं. तिनं दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं टोपली उचलून कमरेवर घेतली.

"ठावं हाये मले," ती म्हणाली. "म्या त्या डब्ब्याखालीच बसली होती. तुमच्या बाबूजीचं सांगून झालं, अन् तुमी थांबल्या. मले वाटलं, आता माह्या देवमनचं येते. म्या उठून उभी राह्यली, डोक्शावर पदर घेतला." ती डब्याकडे पाहत होती, माझ्याकडे नाही. "मंग सनई लागली."